लकव्याला रांग लावू नका

"लोक उशिरा येतात." लकव्याच्या, म्हणजे ब्रेन स्ट्रोकच्या, रुग्णांचं आपल्याकडे इतकं नुकसान का होतं, असं आरोग्य खात्यातल्या कुणालाही विचारा, बहुतेक वेळा हेच उत्तर मिळेल. लोक तेल चोळत बसतात, झाडफूक करतात, सकाळपर्यंत थांबतात आणि मग येतात. या उत्तरात तथ्य आहे, पण ते सोयीचंही आहे. ते एकदा दिलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही: जो वेळेत पोहोचतो, त्याचं रुग्णालयाच्या दारात काय होतं?

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे. लकव्यात घरापासून दारापर्यंतचा वेळ वाया घालवणं ही आपली चूक आहे. पण दारापासून सुईपर्यंतचा वेळ वाया जाणं ही व्यवस्थेची चूक आहे, आणि तिचा हिशेब मागणं हा आपला हक्क आहे. हा हिशेब आज आपल्या शहरात कुणी मागत नाही.

आधी आजार समजून घेऊ. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीने बंद पडते, किंवा ती फुटून आत रक्तस्राव होतो. दोन्हीत तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, जीभ जड होते. बाहेरून पाहून हे की ते, हे मोठ्यातला मोठा डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाही. ते सीटी स्कॅन सांगतो. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवलं की तीन तासांच्या आत ते दिलं तर रुग्ण तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत असण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी वाढते. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ही मुदत साडेचार तासांवर नेली. २०१५ पासून मोठी गुठळी तारेने बाहेर काढण्याचा उपचारही सिद्ध झाला, आणि २०१८ पासून निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंत करता येतो. पण रक्तस्राव असेल तर हेच इंजेक्शन जीव घेऊ शकतं. म्हणून आधी सीटी, मग सुई. घाबरून घरात ॲस्पिरिनची गोळी देणंही याच कारणाने चूक आहे.

उपचार न झालेल्या मोठ्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. म्हणजे केसपेपरच्या रांगेत गेलेली दहा मिनिटं म्हणजे जवळपास दोन कोटी पेशी. साडेचार तास ही आरामात वापरायची मुदत नव्हे. पहिल्या तासात दिलेलं इंजेक्शन आणि चौथ्या तासात दिलेलं इंजेक्शन यांत फरक असतो. एक जण पुन्हा कामावर जाऊ शकतो, दुसऱ्याला आयुष्यभर कुणीतरी आंघोळ घालावी लागू शकते.

आता शिरवण्यात या. नेरूळ आणि जुईनगर यांच्यामध्ये दाटीवाटीने वसलेलं हे जुनं गाव. एका अंगाला सिडकोचे सेक्टर, दुसरीकडे शीव-पनवेल महामार्ग आणि पलीकडे एमआयडीसी. गावठाणातल्या भाड्याच्या खोल्यांतून महाराष्ट्राच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले कामगार राहतात, त्यांत आपले लोकही आहेत. समजा, इथल्या एका खोलीत रात्री दोन वाजता पन्नाशीचा कामगार उठतो आणि पाय जमिनीवर टेकत नाही. घरचे शहाणे आहेत, तेल चोळत बसत नाहीत. रिक्षा मिळते आणि ते त्याला जवळच्या, ओळखीच्या नर्सिंग होममध्ये नेतात. तिथे सीटी स्कॅन नाही. रात्रपाळीचा डॉक्टर बीपी पाहतो, सलाइन लावतो, मोठ्या डॉक्टरांना फोन करतो आणि चाळीस मिनिटांनी चिठ्ठी देतो: पुढे न्या. पुढच्या ठिकाणी मशीन आहे, पण तंत्रज्ञ सकाळी येतो. तिसऱ्या ठिकाणी सगळं आहे, पण आधी केसपेपर, मग अनामत रक्कम, मग एटीएम शोधायला धावलेला मुलगा. घड्याळात साडेसहा वाजतात. उद्या याच रुग्णाच्या कागदावर काय लिहिलं जाईल? "उशिरा आणला."

तो उशिरा आला नव्हता. त्याला उशीर करवला.

हा प्रसंग मी कल्पून लिहिला आहे. पण ज्याच्या घरात लकव्याचा माणूस आहे, त्याला विचारून पाहा, यातलं कोणतं वाक्य अनोळखी वाटतं. आणि गंमत अशी की शिरवणे काही दुर्गम पाडा नाही. नेरूळला मोठं वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाशीत महापालिकेचं सार्वजनिक रुग्णालय आहे, कामगार विमा योजनेचं रुग्णालय आहे, मोठी खासगी रुग्णालयं आहेत. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर ही सगळी काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. म्हणजे आपली अडचण अंतराची नाही. कोणत्या दारात रात्री दोन वाजता सीटी होतो आणि तिथेच गुठळीचं इंजेक्शन मिळतं, ही एक ओळ माणसाला माहीत नसण्याची आहे. शिरवण्याच्या नाक्यावर उभ्या दहा जणांना हा प्रश्न विचारा. उत्तरं मोजा.

दारात पोहोचल्यावर दुसरी लढाई सुरू होते. अपघात विभागात कुणाला आधी पाहायचं, याची निवड करावी लागते. तिला ट्रायज म्हणतात. रक्त वाहतंय, श्वास अडकलाय, छातीत कळ येतेय, असे रुग्ण आधी घेतले जातात आणि ते बरोबरच आहे. पण लकवा बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून रुग्ण ओरडत नाही, आणि तो ओरडत नाही म्हणून कुणी धावत नाही. तो बाकावर एका कुशीला कलून गप्प बसलेला असतो. त्याची नाडी चालू असते, डोळे उघडे असतात. घाईत असलेल्या माणसाला तो "ठीक" दिसतो. दर मिनिटाला त्याच्या मेंदूचा तुकडा जात असतो आणि बाहेरून तो रांगेतला सगळ्यात शांत माणूस असतो. म्हणूनच ट्रायज करणाऱ्याला लकवा ओळखायला शिकवावं लागतं. अंदाजावर ते सोडून चालत नाही.

आणि अंदाज सगळ्यांवर सारखा अन्याय करत नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की आणीबाणी विभागात स्ट्रोक न ओळखता घरी पाठवलं जाण्याचा धोका पुरुषांपेक्षा स्त्रियांना सुमारे ३३ टक्के जास्त होता, अल्पसंख्याक वंशाच्या लोकांना २० ते ३० टक्के जास्त होता, आणि ४५ वर्षांखालच्या तरुणांना तर कितीतरी पट जास्त होता. चक्कर आली, डोकं दुखतंय, असं सांगणाऱ्या बाईला "टेन्शन घेतलंय" म्हणून गोळी देऊन परत पाठवणं आपल्याला अमेरिकेतून शिकायची गरज नाही. आपल्याकडे यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. घरातली वयस्कर बाई दखनीत किंवा कोकणीत बोलते. तिची जीभ जड झाली तर काउंटरवरच्या माणसाला वाटतं, हिची बोलीच अशी. तेव्हा सोबतच्या माणसाने ठणकावून सांगायला हवं: "ही रोज अशी बोलत नाही, आत्ता एका तासापूर्वी नीट बोलत होती." दुसरी गोष्ट निकाबाची. वाकडं झालेलं तोंड कापडाआड दिसत नाही. महिला कर्मचारी मागणं हा तिचा हक्क आहे, तो जरूर मागा. पण ती येईपर्यंत थांबू नका. सोबत आलेल्या मुलीने, सुनेने तोंड, हात आणि बोलणं स्वतः पाहून सांगावं.

कुणी म्हणेल, ही सगळी मागणी ठीक आहे, पण कायदा काय सांगतो? इथे आपल्याला एक नाव माहीत असायलाच हवं: हकीम शेख. पश्चिम बंगालमधला हा शेतमजूर ८ जुलै १९९२ च्या संध्याकाळी मथुरापूर स्टेशनवर रेल्वेतून पडला. डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव. त्याला रात्रभर कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांत फिरवलं गेलं. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी त्याला खासगी रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि सुमारे १७ हजार रुपये खर्च आला. त्याची शेतमजूर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. मे १९९६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला: गरजेच्या वेळी उपचार न मिळणं हा अनुच्छेद २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला देता येणार नाही. शेख यांना २५ हजार रुपये भरपाई मिळाली. पण निकालातली त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. कोणत्या रुग्णालयात जागा आणि सोय आहे हे तत्काळ कळेल अशी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था उभारा, म्हणजे रुग्णाला थेट तिथेच पाठवता येईल, असंही न्यायालयाने सांगितलं होतं.

१९९६. तेव्हा मोबाइल फोन श्रीमंतांचं खेळणं होतं. आज शिरवण्यातल्या माणसाला बिर्याणी कुठल्या सिग्नलला अडकली आहे हे फोनवर दिसतं, पण सीटी मशीन कुठे चालू आहे हे दिसत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक आधार आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली, मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. आणीबाणीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यायचं आणि तो स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे, हेही त्याच योजनेत आहे. जवळचं कोणतं रुग्णालय धर्मादाय आहे, हे आधीच शोधून ठेवा. रात्री दोन वाजता काउंटरवर "धर्मादाय योजनेत घ्या, पैशांचं नंतर बोलू" असं म्हणणारा माणूस आणि नुसता हात जोडणारा माणूस, यांच्याशी व्यवस्था सारखी वागत नाही. तसं वागायला हवं, पण वागत नाही.

"आपला देश गरीब, हे सगळं परदेशात ठीक." ही दुसरी सबब. परदेशातही हे आपोआप झालेलं नाही. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या रुग्णालयात १९९८ साली दारापासून सुईपर्यंत सरासरी १०५ मिनिटं लागत. २०११ पर्यंत त्यांनी ती २० वर आणली. त्यासाठी कुठलं जादूचं यंत्र आणलं नाही. ॲम्ब्युलन्समधून आधी फोन करायचा, रुग्णाचा इतिहास तो वाटेत असतानाच पाहून घ्यायचा, त्याला खाटेवर न नेता थेट सीटीच्या टेबलावर न्यायचं आणि इंजेक्शन तिथेच द्यायचं. रांगा मोडल्या, मिनिटं वाचली. आपल्याच देशात हिमाचल प्रदेशाने २०१४ पासून डोंगराळ भागातल्या, मेंदूविकारतज्ज्ञ नसलेल्या सरकारी रुग्णालयांत सीटीची छायाचित्रं फोनवर पाठवून, दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला घेऊन, हे इंजेक्शन मोफत द्यायला सुरुवात केली. बर्फात हे जमलं, मग महामार्गालगतच्या शहरात का जमू नये? एकाच टोचणीत देता येणारं टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन तर पुण्यातली कंपनी बनवते.

आणि नवी मुंबई महापालिकेने मोजणं जमत नाही असं म्हणूच नये. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर देशात तिसरं आलं. ओला कचरा किती, सुका किती, याचा हिशेब जी महापालिका ठेवू शकते, ती लकव्याच्या रुग्णाला दारापासून सीटीपर्यंत किती मिनिटं लागली याचाही ठेवू शकते. जे मोजलं जात नाही, त्याची लाज कुणाला वाटत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण रागाला दिशा लागते. हा लेख रात्रपाळीच्या डॉक्टरवर हात उगारण्याचा परवाना नाही. एकटा पोरगेला डॉक्टर आणि दोन नर्स तीस रुग्ण सांभाळत असतात. त्यांनाही हीच व्यवस्था चिरडते. त्यांच्या काचा फोडून कुणाचा मेंदू वाचलेला नाही. आणि "इंजेक्शन द्याच" असा हट्टही नको. त्या इंजेक्शनने काही रुग्णांच्या मेंदूत रक्तस्राव होतो. १९९५ च्या चाचणीत शंभरात सुमारे सहा जणांना तो झाला. बीपी खूप वाढलेलं असेल तर आधी ते उतरवावं लागतं. साखर फार कमी झाली तरी लकव्यासारखंच दिसतं, म्हणून ती आधी तपासावी लागते. द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवणार. आपला हट्ट एवढाच, की ते वेळेत ठरावं.

आता आपल्या घरात डोकावू, कारण पहिला उशीर आपला आहे. हवा लागली म्हणून फुंकर, कबुतराचं रक्त चोळणं, जबरदस्तीने पाणी किंवा मध पाजणं. गिळण्याची ताकद गेलेल्या माणसाला पाजलेलं पाणी फुप्फुसात जातं. दुआ ॲम्ब्युलन्समध्येही करता येते. रमजानमध्ये बीपीची गोळी परस्पर बंद करणारे किती जण आपल्या ओळखीत आहेत? सहरी किंवा इफ्तारची वेळ धरून गोळी कशी घ्यायची, हे डॉक्टरला आधी विचारता येतं.

आणि एक बोचणारी गोष्ट. मय्यत झाली की मोहल्ल्यात खबर किती वेगाने फिरते! दफनाची वेळ, गाडी, माणसं, सगळं तासाभरात जमतं. अनेक जमातींकडे जनाज्याची गाडी आहे. मेलेल्या माणसासाठी आपण इतके शिस्तबद्ध आहोत. जिवंत माणूस लुळा पडतो तेव्हा मात्र रिक्षा कोण आणणार, इथपासून सुरुवात होते. तीच शिस्त चार तास आधी वापरायची आहे. मोफत तपासणी शिबिरात बीपी मोजून फोटो काढणं चांगलंच आहे, पण शिबिराच्या त्याच टेबलावर "लकवा आला तर या दारात जा" असा कागद का नसावा?

तर दोस्तहो, काम वाटून घेऊ. वस्तीतल्या पाच जणांनी एक रविवार काढावा. आसपासच्या प्रत्येक रुग्णालयात जाऊन चार प्रश्न विचारावेत. सीटी स्कॅन २४ तास चालतो का? गुठळीचं इंजेक्शन आत्ता फ्रिजमध्ये आहे का? रात्री मेंदूविकारतज्ज्ञ किंवा फिजिशियन किती वेळात येतो? अनामत न भरता आणीबाणीत दाखल करता का? उत्तरं तारखेसह लिहा आणि मस्जिदीच्या, मंदिराच्या, सोसायटीच्या फलकावर लावा. लकवा धर्म पाहून येत नाही, तेव्हा कागदही सगळ्यांसाठी असू द्या.

दुसरं काम महापालिकेकडे. माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा: गेल्या वर्षभरात महापालिकेच्या रुग्णालयांत लकव्याचे किती रुग्ण आले, किती जणांचा सीटी पहिल्या तासात झाला, किती जणांना इंजेक्शन मिळालं, किती जणांना पुढे पाठवलं आणि कुठे? "अशी नोंद ठेवली जात नाही" असं उत्तर आलं तर तेही छापा. त्यानंतर मागणी करा: शहरातल्या स्ट्रोक उपचार देणाऱ्या रुग्णालयांची यादी जाहीर करा, १०८ च्या गाडीने रुग्णाला जवळच्या दाराऐवजी योग्य दारात न्यावं आणि आधी फोन करावा, अपघात विभागात लकव्याच्या रुग्णाचा केसपेपर नंतर निघावा, आणि दर तिमाहीला मिनिटांचा हिशेब लोकांसमोर ठेवावा.

मुंबईच्या स्ट्रोक नोंदणीने २००५-०६ मध्ये दाखवलं होतं की पहिल्या झटक्यानंतर २८ दिवसांत जवळपास ३० टक्के रुग्ण दगावले. जे वाचले त्यांतले किती जण कुणाच्या आधाराने चालतात, हे आकड्यात येत नाही. ते घरात दिसतं: कमावता बाप खाटेवर, कॉलेज सोडलेली बहीण उशाशी. त्या बहिणीची गेलेली वर्षं कोणत्या काउंटरवर जमा झाली, हे विचारायला हवं.

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, अचानक तोल गेला किंवा डोळ्यापुढे अंधार आला, तर घड्याळ पाहा. माणूस शेवटचा नीट कधी होता ती वेळ हातावर पेनाने लिहा. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल ते वाहन घ्या. आणि दारात पोहोचल्यावर रांगेत उभे राहू नका. मोठ्याने सांगा: "लकवा आहे, इतक्या वाजता सुरू झाला, आधी सीटी करा."